हाप्टोग्लोबिन लो आलंय, मग काय खायला द्यायचं?

जूनचा पहिला आठवडा, सकाळचे साडेनऊ, लॅबमध्ये फास्टिंगवाल्यांची रांग, एक आजोबा "चहा कधी पिऊ" म्हणून तिसऱ्यांदा विचारतायत, आणि त्या गर्दीत दारात माझा भाचा उभा. घामानं टीशर्ट अंगाला चिकटलेला, हातात काळी कॅरीबॅग. पोलीस भरतीची तयारी चाललीय त्याची, पहाटे पाचला उठून पळायला जातो, त्यामुळे घाम नवीन नाही पण चेहरा उतरलेला होता. म्हटलं काय रे, तर अगदी हळू आवाजात म्हणतो, मावशी, लघवी बघ ना जरा. पिशवीत पाण्याची बाटली आणि बाटलीत कोरा चहा. म्हणजे चहा नव्हे, पण रंग तोच, आमच्याकडे पाहुण्यांना देतात तसा उकळून उकळून काळपट लाल झालेला.

पंधरा वर्षं झाली मला या लाईनमध्ये, डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केल्यापासून तालुक्याच्या याच गावात आहे, त्यामुळे घाबरले नाही असं म्हणणार होते पण घाबरले. पट्टी बुडवली, ब्लडचा चौकोन मिनिटाच्या आत गर्द हिरवा. मग नमुना फिरवला, खालचा गाळ स्लाईडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर आरबीसी, म्हणजे लाल पेशी, एकही नाही. पुन्हा बघितलं, दुसरी स्लाईड केली, नाहीच. पट्टी म्हणते रक्त आहे आणि स्लाईड म्हणते नाही. याचा अर्थ लघवीत अख्ख्या पेशी येत नाहीयेत, पेशींच्या आतला लाल माल नुसता येतोय, किंवा मग स्नायूंमधला, कारण पट्टीला पेशींमधलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंमधलं मायोग्लोबिन यातला फरक कळत नाही, दोघांनाही ती हिरवीच होते.

आता इथे एक जुनी युक्ती आहे, आमच्या मॅडमनी मला पहिल्याच वर्षी शिकवलेली. रक्त घ्यायचं, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये गोठू द्यायचं, फिरवायचं आणि वरचं सिरम फक्त डोळ्यांनी बघायचं, मशीन नाही काही नाही. सिरम गवतासारखं पिवळसर स्वच्छ असेल तर बहुतेक मायोग्लोबिन, गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन. पोराचं सिरम गुलाबी होतं. स्ट्रॉबेरी सरबतात पाणी जास्त झालं की जसं दिसतं तसं.

गुलाबी सिरम म्हटलं की कुठल्याही टेक्निशियनच्या डोक्यात पहिला विचार एकच, कोणीतरी सॅम्पल खराब केलं. बारीक सुईनं जोरात ओढलं, नाहीतर सिरींजला सुई तशीच ठेवून ट्यूबमध्ये फवारा मारला, नाहीतर बाहेरून आलेलं सॅम्पल मोटरसायकलच्या डिकीत खडखडत आलं. पेशी फुटतात आणि सिरम लाल होतं, आम्ही त्याला "हिमोलाईज झालंय" म्हणतो आणि रिपीट मागवतो. रिपीट मागवलं की समोरचा चिडतो हे ओघानं आलंच. एकदा एका नर्सिंग होममधून दिवसभरात तीन वेळा लाल सॅम्पल आलं आणि वर फोनवर मलाच ऐकवलं की तुमचं मशीन खराब आहे. मी म्हटलं अहो मशीनला अजून घातलंच नाहीये, लाल आहे हे मला डोळ्यांनीच दिसतंय.

पण याचं रक्त मी स्वतः घेतलेलं, २१ नंबरची सुई, एका दमात शीर मिळाली. तरी पुन्हा दुसऱ्या हाताचं घेतलं. तेही गुलाबी. म्हणजे पेशी ट्यूबमध्ये फुटल्या नव्हत्या, त्याच्या अंगात फुटल्या होत्या.

मॅडमनी सीपीके, म्हणजे स्नायूंची टेस्ट, करायला सांगितलं, ते पळणाऱ्या पोराचं असतं तसं थोडंसं वर, स्नायू झिजल्यासारखं काही नाही. किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल. आणि म्हणाल्या, हाप्टोग्लोबिन पाठव मुंबईला. रक्तातल्या या प्रोटीनची टेस्ट आमच्याकडे होत नाही, वर्षातून दोन-तीनदा मागणी येते, आम्ही सॅम्पल बर्फात पॅक करून मोठ्या लॅबला पाठवतो. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, १० पेक्षा कमी. नॉर्मल साधारण ३० ते २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. रिपोर्टवर आकड्याच्या बाजूला ठळक अक्षरात लो.

आणि लगेच ताईचा फोन. "अगं, त्याचं ते हाप्टो काय ते कमी आलंय म्हणे, काय खायला देऊ? बीट देऊ का? खजूर?"

तर हे सगळं ताईसाठी लिहितेय असं समजा, कारण फोनवर मला ते धड सांगता आलं नाही, आणि खरं म्हणजे इतकी वर्षं रिपोर्ट छापूनही मलाच ते नीट माहीत नव्हतं, त्या आठवड्यात बसून वाचलं.

आपल्या रक्तात लाल पेशी काढून टाकल्या की उरतो प्लाझ्मा, निम्म्याहून थोडा जास्त भाग तोच, आणि त्याच्या प्रत्येक डेसिलिटरमध्ये सहा ते आठ ग्रॅम प्रोटीन विरघळलेलं असतं. आम्ही रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन म्हणून एक आकडा देतो आणि मोकळे होतो, पण त्या आकड्याच्या आत शेकडो प्रकारची प्रोटीन्स आहेत, आणि त्यातली बरीचशी एकटी फिरतच नाहीत, कोणी ना कोणी कोणाचा तरी हात धरलेला असतो. कारण अगदी साधं आहे, किडनी. किडनीची चाळणी बारीक प्रोटीन सोडून देते आणि मोठं अडवते. अल्ब्युमिन, म्हणजे साधारण ६६ हजार डाल्टन वजनाचं, ते जेमतेम अडतं. त्याहून बरंच लहान असेल तर लघवीतून गेलंच समजा. व्हिटॅमिन ए वाहून नेणारं जे रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन आहे ते २१ हजाराचं, एकटं सुटलं तर गळून जाईल, म्हणून ते ट्रान्सथायरेटिन नावाच्या थोराड प्रोटीनला चिकटून फिरतं. पोराला जत्रेत खांद्यावर घेतात तसं. आणि रक्त गोठवणारा फॅक्टर आठ, ज्याच्या कमतरतेनं हिमोफिलिया ए होतो, तो व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाच्या भल्यामोठ्या प्रोटीनला धरून असतो म्हणून बारा तासांच्या आसपास टिकतो, त्याचा आधार काढला तर दोनेक तासांत निम्मा साफ. म्हणून कधी कधी एका प्रोटीनची कमतरता दिसते आणि खरा दोष त्याला धरणाऱ्यात असतो.

आता हिमोग्लोबिन. लाल पेशीच्या आत आहे तोवर ते गुणी, चार साखळ्यांचं घट्ट गाठोडं, ऑक्सिजन नेतं-आणतं. पण पेशी फुटली की ते प्लाझ्मामध्ये सांडतं आणि तिथे पातळ झाल्यावर गाठोडं मधोमध सुटतं, दोन-दोन साखळ्यांचे दोन अर्धे होतात, प्रत्येक अर्धा ३२ हजाराचा. म्हणजे चाळणीतून जायच्या मापाचा. गेला की किडनीच्या नळ्यांना त्रास देतो, त्यातलं लोह तिथे नुकसान करतं. आणि जाण्याआधी रक्तात मोकाट असताना तो नायट्रिक ऑक्साईड पिऊन टाकतो, जे रक्तवाहिन्यांना सैल ठेवत असतं, त्यामुळे वाहिन्या आवळतात, पोटात कळा येतात. पोरगा म्हणालाच होता, पळून आल्यावर पोटात मुरडल्यासारखं होतं. ताईनं त्याला ओवा दिला होता.

या मोकाट अर्ध्यांना पकडायला प्लाझ्मात जो बसलेला असतो तो हाप्टोग्लोबिन. नावच ग्रीकमधल्या पकडणे या शब्दावरून. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये पोलोनोव्स्की आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं ते दाखवलं, त्या सहकाऱ्याचं आडनाव फ्रेंच उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलं तर "झेल" च्या जवळ जातं. हिमोग्लोबिन झेलणाऱ्या प्रोटीनचा शोध लावणारा झेल. हे मला इतकं आवडलं की मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, कोणी हसलं नाही.

पकड कशी आहे ते वाचून मी थक्क झाले. यात खरा रासायनिक बंध वगैरे होत नाही, नुसतं आकाराला आकार बसतो, प्लस-मायनस जुळतात, पाणी बाहेर ढकललं जातं, आणि तरीही एकदा बसलं की सुटत नाही. सुटतच नाही म्हटलं तरी चालेल, प्लाझ्मातल्या सगळ्यात घट्ट पकडींपैकी ही एक. २०१२ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या लोकांनी डुकराच्या रक्तातल्या या जोडप्याचं स्फटिक करून त्याचा फोटो म्हणावा असा नकाशा काढला, तो डंबेलसारखा दिसतो, मध्ये हाप्टोग्लोबिनचा दांडा आणि दोन टोकांना हिमोग्लोबिनचा एकेक अर्धा. आणि गंमत ही की हाप्टोग्लोबिन मुळात कापणाऱ्या एन्झाईमच्या खानदानातलं, आपल्या पोटात मटण पचवणारं ट्रिप्सिन असतं ना, त्याच्या भावकीतलं. पण जिथे कापायची धार असते तिथली दोन महत्त्वाची अमिनो ॲसिड बदललीत, म्हणजे दात पडलेत, जबडा तेवढा शाबूत. कापता येत नाही, धरता मात्र येतं. हिमोग्लोबिनचे दोन अर्धे एकमेकांना ज्या बाजूनं चिकटतात साधारण तीच बाजू ते धरतं, म्हणून ते पुन्हा एकत्रही येऊ शकत नाहीत आणि त्यातलं लोहही दाबून ठेवलं जातं.

बरं धरलं, पुढे काय? ताईचा प्रश्न खरा इथे येतो. हे जोडपं लिव्हर आणि प्लीहेमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या, पेशींकडे जातं. त्यांच्या अंगावर सीडी१६३ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो नुसत्या हाप्टोग्लोबिनकडे ढुंकून बघत नाही, हिमोग्लोबिन धरलेलं असेल तरच आत ओढतो. हे २००१ मध्ये कळलं, तेही आर्हुसमध्येच. आत गेलं की दोघांचाही चुरा. लोह परत वापरात येतं, पण हाप्टोग्लोबिन नाही. लोह वाहणारं जे ट्रान्सफेरिन आहे ते माल उतरवून रिकामं परत येतं, टेम्पोसारखं. हाप्टोग्लोबिनची ट्रिप एकच. मोकळं असेल तर काही दिवस रक्तात फिरत राहतं, पण हिमोग्लोबिन धरलं की काही मिनिटांत गायब.

म्हणजे ताई, तुझ्या पोराच्या अंगात हाप्टोग्लोबिन बनत नव्हतं असं नाहीये. बनलेलं सगळं त्या दिवशी कामी आलं. लो म्हणजे कमतरता नव्हे, खर्च. आपल्याकडे रिपोर्टमध्ये आकड्याच्या पुढे लो आलं की लोकांना वाटतं काहीतरी खाऊन भरून काढायचंय, हिमोग्लोबिन लो म्हणजे पालक, कॅल्शियम लो म्हणजे दूध, आणि त्यात लोकांची चूक नाही, आम्हीच तो ठळक अक्षरातला लो काही न सांगता हातात देतो. लिव्हरचा जुनाट आजार असेल तर खरोखरच कमी बनतं, नवजात बाळात तर जवळपास नसतंच, पण एरवी चांगल्या तब्येतीच्या विशीतल्या पोरात ते शून्याजवळ गेलं तर प्रश्न हा विचारायचा की खर्च कुठे झाला.

हिशोब पण बघा किती तंग असतो. रक्तात हिमोग्लोबिन डेसिलिटरला पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पंधरा हजार मिलिग्रॅम. नॉर्मल माणसाचं हाप्टोग्लोबिन एका वेळी पकडू शकतं ते जास्तीत जास्त शंभर-दीडशे मिलिग्रॅम. शंभरातली एक पेशी जरी एकदम फुटली तरी सगळा साठा संपून उरलेलं लघवीच्या वाटेला लागेल. रोज पेशी मरतातच, १२० दिवस त्यांचं आयुष्य, पण बहुतेक म्हाताऱ्या पेशी प्लीहा वगैरे आत घेऊन गुपचूप मोडते, रस्त्यात फुटणाऱ्या थोड्याच, आणि तेवढ्यासाठी हाप्टोग्लोबिन पुरतं.

आणि यातूनच ती गुलाबी सिरमची युक्ती का चालते ते मला पंधरा वर्षांनी कळलं! मायोग्लोबिन १७ हजाराचं आणि त्याला असं घट्ट धरून ठेवणारं कोणी नाही, म्हणून ते पटकन किडनीतून निघून जातं, सिरम स्वच्छ आणि लघवी काळी. हिमोग्लोबिनला धरणारा असतो, आणि धरलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, म्हणून सिरम गुलाबी. इतकी वर्षं मी सिरम उजेडात धरून "हिमोग्लोबिन आहे" म्हणत होते आणि बघत होते ती ही पकड.

अजून एक, लॅबवाल्यांसाठी. सॅम्पल ट्यूबमध्ये हिमोलाईज झालं असेल तर हाप्टोग्लोबिन सहसा कमी येत नाही. ट्यूबमध्ये जोडपी तयार होतात पण त्यांना खाऊन टाकायला तिथे लिव्हर कुठे आहे, ती तशीच तरंगत राहतात आणि मशीन त्यांनाही मोजतं. अंगात फुटलं असेल तरच आकडा पडतो. म्हणजे "तुम्ही खराब केलं की पेशंटच तसा आहे" या भांडणाचा निकाल लावणारी टेस्ट आहे ही, महाग आहे म्हणून, नाहीतर त्या नर्सिंग होमला मी दर वेळी करून पाठवली असती.

पेशी फुटल्या कुठे? तळपायात. भरतीला १६०० मीटर असतं पण हा पठ्ठ्या स्टॅमिना वाढवायचा म्हणून रोज दहा-बारा किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळत होता, आणि बूट बघितले तर टाचेखालचा रबर इतका झिजलेला की बोटानं दाबलं तर खालचा रस्ता लागेल. प्रत्येक पावलाला तळव्याच्या केशवाहिन्यांमधल्या पेशी चिरडतात. याला मार्च हिमोग्लोबिन्युरिया म्हणतात, महिन्याशी संबंध नाही, मार्च म्हणजे सैनिकांचं संचलन, १८८१ मध्ये फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरनं एका सैनिकात पहिल्यांदा नोंदवलेलं. मॅडमनी तरी जीसिक्सपीडी आणि कूम्ब्स, म्हणजे पेशी फुटण्याची दुसरी कारणं शोधणाऱ्या टेस्ट, करून घेतलं, उगाच गृहीत नको, दोन्ही ठीक आले. आणि तुमच्यापैकी कोणाला अशी लघवी झाली तर माझं वाचून बूट बदलत बसू नका, आधी डॉक्टर गाठा, कारण मायोग्लोबिनवाला प्रकार असला तर किडनी जाऊ शकते.

वाचता वाचता दोन गोष्टी अशा सापडल्या की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही, विषय थोडा लांबेल.

पहिली ऑलिव्हर स्मिथीज यांची. १९५० च्या दशकात टोरंटोला इन्सुलिनवर काम करत होते, प्रोटीन वेगळी करायची तर तेव्हा फिल्टर पेपर वापरायचे आणि त्यावर इन्सुलिन नुसतं फरफटत जायचं. त्यांना आठवलं की लहानपणी आई वडिलांच्या शर्टांना खळ करायची आणि ती खळ गार झाली की थलथलीत जेली व्हायची. मग बटाट्याच्या स्टार्चची तशीच जेली करून त्यातून प्रोटीन पळवलं, आणि पेपरवर जिथे चार-पाच पट्टे दिसायचे तिथे प्लाझ्माचे ढीगभर पट्टे दिसायला लागले. १९५५ ला ते छापलं. माणसामाणसाचे पट्टे वेगळे येत होते, सुरुवातीला त्यांना वाटलं पुरुषाचे वेगळे आणि बाईचे वेगळे, मग ते खोटं ठरलं, आणि कळलं की हा फरक हाप्टोग्लोबिनचा आहे आणि तो आईबापांकडून येतो. एक-एक, दोन-एक आणि दोन-दोन असे तीन प्रकार. दोन-दोनवाल्यांचं हाप्टोग्लोबिन सुटं राहत नाही, माळेसारखं एकमेकांत गुंफलेलं असतं. आपल्या भारतात हा दोन-दोन प्रकार भरपूर, त्यामुळे हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या रक्तात अशा माळाच फिरतायत. स्मिथीजना २००७ ला नोबेल मिळालं पण ते वेगळ्याच, उंदरांच्या जीन्सवरच्या कामाला. माझी आजी साड्यांना खळ करायची, तेव्हा आम्ही त्या जेलीत बोटं घालायचो आणि मार खायचो, यापलीकडे आमच्या घरात त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली. जनावरांना सर्रा होतो, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय नावाचा परजीवी रक्तात वळवळतो, म्हशी, घोडे, उंट हैराण होतात. माणसाला होत नाही असंच सगळे धरून होते. २००४ मध्ये चंद्रपूरकडच्या एका शेतकऱ्याला ताप येऊन जाऊन होता, आणि रक्तात हाच परजीवी सापडला, जगात नीट नोंदवलेली माणसातली पहिली केस. सुरामिन देऊन तो बरा झाला. माणूस एरवी का वाचतो, तर आपल्या रक्तात हाप्टोग्लोबिनचा एक जुळ्यासारखा भाऊ आहे आणि त्याच्या सोबत असतं एपोएलवन नावाचं प्रोटीन, जे परजीवीला भोकं पाडून फोडतं. आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमाला हिमोग्लोबिनमधलं हीम, म्हणजे लोहवाला भाग, हवा असतो म्हणून तो हाप्टोग्लोबिन-हिमोग्लोबिनची जोडपी गिळतो, आणि आपण त्याला हुबेहूब तसंच दिसणारं, पण पोटात एपोएलवन लपवलेलं जोडपं खायला घालतो. सुरणाच्या वडीत मिरची. या शेतकऱ्याला आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एपोएलवनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, वडीत मिरचीच नव्हती.

असो, पोराचं सांगते. दोन आठवडे पळणं बंद, मग जाड सोलचे बूट, आत मऊ इनसोल, आणि डांबर सोडून हायस्कूलच्या मातीच्या ग्राउंडवर. तीन आठवड्यांनी सॅम्पल पुन्हा मुंबईला गेलं, हाप्टोग्लोबिन ८४. सिरम पिवळं स्वच्छ. मी ताईला फोन करून सांगितलं बघ, काही न खाता आलं की नाही वर, लिव्हरनं आपोआप बनवलं.

ताई म्हणाली, काही न खाता कसं, मी रोज सकाळी ग्लासभर बीटचा ज्यूस देतेय त्याला, तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं.

आणि चार दिवसांनी पोरगा पुन्हा दारात, हातात काळी कॅरीबॅग, चेहरा पांढरा. लघवी गुलाबी. मी पट्टी बुडवली, ब्लडचा चौकोन पिवळाच्या पिवळा. म्हटलं, आज ज्यूस किती प्यायलास? म्हणे, दोन ग्लास, आईनं लोटाभर केला होता.